निळी ताटली

बुधवारी पेट्या येतात.
वांता विमानतळाच्या तळघरात,
सामानाच्या पट्ट्याची धडधड डोक्यावर घेऊन
आम्ही दोघं बसतो, मी आणि हिल्का.

वर, तपासणीच्या पलीकडे,
काचेच्या पेटीत लोक उरलेलं सोडून जातात.
विमानाला वीस मिनिटं,
एवढ्याशा येनचं आता घेणार काय,
अर्धी कॉफीसुद्धा येत नाही.
दानधर्म म्हणा, नाहीतर खिसा झटकणं म्हणा.

यंत्र युरो मोजतं, क्रोनर मोजतं,
पौंडापाशी जरा घुटमळतं.
बाकीचं सगळं थुंकतं निळ्या ताटलीत,
आणि ते आमचं.

भोकाची नाणी, ओवून घ्यावीत अशी.
जॉर्जियाचे तेत्री, बोटाला चिकटणारे.
मेट्रोचं टोकन. शर्टाचं बटण, शिंपल्याचं.
कुणाच्या तरी इस्तंबूलच्या खोलीची किल्ली
(ती आम्ही पोस्टाने पाठवली,
उत्तर आलं नाही).
एकदा कागदात गुंडाळलेले फोरिंट,
वर पेन्सिलीने दोन ओळी.
जिने पुसणाऱ्या इल्दिकोला बोलावलं.
तिने वाचलं, फडका हातातच ठेवून:
"आईने मोजले होते. बरोबर आहेत."
आम्ही तरीही मोजले.
बरोबर होते.

हिल्का चष्मा लावत नाही.
नाणं टेबलाच्या कडेवर टाकते, कान देते,
मग डबा ठरवते.
"डोळ्यांना राजे-राण्या दिसतात," म्हणते,
"कानाला फक्त धातू."
मी अजून शिकतोय.
माझ्या कानाला सगळीच नाणी सारखी वाजतात.

त्या दिवशी ताटलीत एक काळपट पडलं,
अर्ध्यावर च्युइंग गम,
उरलेल्या अर्ध्यावर एक चतुर, पंख पसरलेला.
मी नखाने खरवडलं, वहीत रकाना उघडला,
विचारलं, "हे कुठल्या देशाचं?"

हिल्काने वाजवलं.
पुन्हा वाजवलं.
"इथलंच."

मी दोन हजार तीनचा. माझ्या जन्माआधीच
ते चालायचं थांबलं होतं.
बँकेने दार दहा वर्षं उघडं ठेवलं,
मग मिटलं, एकोणतीस फेब्रुवारीला,
म्हणजे दुःख करायचं तर
वर्षश्राद्धही चार वर्षांतून एकदाच.
हे ती हसत म्हणाली. मी हसावं की नाही
ते मला कळलं नाही.

तिने नाणं उलटलं. मागे सील,
साइमाच्या तळ्यातला, गोड्या पाण्यातला,
जगात दुसरीकडे कुठेच नसलेला.
"पाच मार्क. यात आइस्क्रीम यायचं,
वर मोड परत.
आमच्या धक्क्यावरून हा दिसायचा कधीमधी,
खडकावर, ओल्या गोणीसारखा.
भाऊ ओरडायचा: जाळं फाडतो मेला!
मग एका वसंतात त्याच्याच जाळ्यात
एक पिल्लू बुडून मेलं.
तेव्हापासून वेइक्को
बर्फ वितळल्यावर जाळं टाकत नाही.
गळ घेऊन बसतो. काही मिळत नाही.
बसतो."

"आणि सील?"

"आहेत की. थोडे. पण आहेत.
नाण्यावरचा चालायचा थांबला,
तळ्यातला पोहतोय.
आम्हाला वाटलं होतं, उलटं होईल."

नियम असा: जे कुठेच चालत नाही
ते किलोवर जातं, गोणीत, धातू म्हणून.
मला वाटलं ती ते खिशात टाकेल.
मी मुद्दाम वहीकडे बघत राहिलो,
तिला संधी मिळावी म्हणून.
गोणीत एक बारीक आवाज झाला.
खणखणीत. तेवढा मलाही कळला.

देशाच्या रकान्यात काय लिहू, विचारलं.
"लिही ना, फिनलंड."
लिहिताना माझं अक्षर बिघडलं,
परक्या गावाचं नाव लिहावं तसं.

तोवर हिल्काने पुढची पिशवी फाडली होती.
"चल, कुणीतरी मंगोलिया फिरून आलंय.
नाणं एकही नाही, नुसत्या नोटा.
आज कानाला सुट्टी."